गाजेखालचा समुद्र

जयगडहून तवसाळकडे निघालेली फेरीबोट खाडीच्या मध्यावर पोचली, की जेट्टीवर उभ्या माणसाला तिच्या इंजिनाची घरघर वाऱ्याबरोबर कमी-जास्त होत ऐकू येते. त्याच वेळी काठाशी डुंबणाऱ्या एखाद्या पोरानं बुडी मारली, तर तीच घरघर त्याला थेट डोक्याच्या आत चालू असल्यासारखी वाटते. बोट डावीकडे आहे की उजवीकडे, हे मात्र त्याला सांगता येत नाही. डोकं वर काढलं की घरघर पुन्हा दूर जाते आणि कानात गाज भरते.

खाडीकाठी वाढलेल्या प्रत्येकानं हे अनुभवलेलं असतं. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो, समुद्राच्या पाण्यात सुमारे १५०० मीटर. म्हणजे जवळजवळ साडेचारपट. कुठल्या कानाला आवाज आधी पोचला, यावरून आपला मेंदू दिशा ठरवतो. पाण्यात आवाज इतक्या झपाट्यानं येतो की दोन कानांमधला तो क्षणाचा फरक मेंदूच्या हाती लागत नाही. शिवाय पाण्यातला आवाज कानाच्या पडद्याची वाट न बघता कवटीच्या हाडांतूनच आत शिरतो. म्हणून तो ‘डोक्यात’ वाजतो.

समुद्राच्या आवाजासाठी मराठीत ‘गाज’ हा किती नेमका शब्द आहे! पण गाज तयार होते ती काठावर, लाट फुटते तिथे. समुद्राच्या पोटात जे ऐकू येतं, त्यातलं काहीच गाजेत नसतं. पाण्याचा पृष्ठभाग आवाजाच्या दृष्टीनं भिंतीसारखा असतो. खालून येणाऱ्या आवाजाच्या ऊर्जेतला जेमतेम हजारावा भाग हवेत निसटतो, बाकीचा सगळा परत खाली फेकला जातो. जयगडच्या बुरुजावर आयुष्यभर बसलं, तरी त्या भिंतीपलीकडचं कानावर पडणार नाही.

जयगडजवळ नांदिवड्याच्या टोकावर ब्रिटिश काळापासूनचं दीपगृह आहे. त्याचा झोत रात्री कित्येक मैलांवरच्या तांडेलाला किनाऱ्याची खूण देतो. तोच उजेड पाण्याखाली न्यायचं ठरवलं तर? भर समुद्रातल्या नितळ पाण्यातही दुपारच्या उन्हाचा उजेड दोनशे मीटरांच्या आसपास संपत येतो. शास्त्री नदीच्या मुखाशी, आषाढात तांबडा गाळ उतरलेला असतो तेव्हा, हातभर खालचं दिसत नाही. पाण्याखाली उजेडाची मजल एवढीच. तिथे दीपगृहाचं काम आवाज करतो.

ढोल लांब जातो, सनई नाही

पाण्यातल्या आवाजाचा वेग पहिल्यांदा नीट मोजला गेला तो १८२६ साली, स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हाच्या सरोवरात. दानिएल कोलादों आणि शार्ल स्तुर्म या दोघांनी साडेतेरा किलोमीटर अंतरावर दोन नावा उभ्या केल्या. एका नावेवरून पाण्यात सोडलेल्या घंटेवर टोला दिला, की त्याच क्षणी वर बंदुकीच्या दारूचा भडका उडायचा. दुसऱ्या नावेवरचा माणूस पाण्यात बुडवलेल्या नळीला कान लावून बसलेला. भडका दिसल्यापासून टोला ऐकू येईपर्यंतचा वेळ मोजून त्यांनी वेग काढला: ८ अंश तापमानाच्या गोड्या पाण्यात सेकंदाला १४३५ मीटर. आजच्या उपकरणांनी काढलेला आकडा याच्या अगदी जवळ आहे.

अशाच घंटेचा पुढे दीपगृहांना जोड म्हणून उपयोग झाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला धुक्यात दिवा दिसेनासा होई, तेव्हा धोक्याच्या जागी पाण्याखाली घंटा वाजवत आणि जहाजाच्या तळाशी बसवलेल्या यंत्रानं ती ऐकत. १९१२ साली ‘टायटॅनिक’ जहाज हिमनगावर आदळून बुडाल्यावर या प्रयत्नांना जोर आला. १९१४ साली रेजिनाल्ड फेसेंडेन यांनी पाण्यात आवाज सोडून हिमनगावरून परत आलेला प्रतिध्वनी पकडून दाखवला.

आवाज लांब जायचा तर त्याची ऊर्जा वाटेत गळता कामा नये. शिमग्यात दुसऱ्या वाडीतला ढोल आधी ऐकू येतो, सनई जवळ गेल्यावर. समुद्रातही हाच नियम आहे, फक्त अंतरं अफाट आहेत. समुद्राच्या पाण्यात विरघळलेलं मॅग्नेशियम सल्फेट आणि अगदी थोडं बोरिक आम्ल वरच्या पट्टीचा आवाज शोषून घेतात. डॉल्फिन शिकार शोधण्यासाठी जी टिकटिक करतो, ती सेकंदाला लाखभर कंपनांच्या घरात असते आणि काही शे मीटरांतच विरते. उलट, सेकंदाला शंभर कंपनांचा खर्जातला आवाज हजार किलोमीटर गेला, तरी पाणी त्यातलं नाममात्रच गिळतं.

मग खर्जातला आवाज थकतो कशानं? पसरण्यानं. एका जागी उठलेला आवाज सगळ्या बाजूंना, वर आणि खालीही, फाकत जातो. दर पावलाला तो अधिक मोठ्या गोलावर वाटला जातो आणि पातळ होतो. त्याचं हे वर-खाली फाकणं कुणी थांबवलं, तर तो फार लांब जाईल. विजापूरच्या गोलघुमटात हे अनुभवता येतं. सज्जात एका बाजूनं भिंतीशी कुजबुजलं, की जवळजवळ चाळीस मीटरांवर समोरच्या बाजूला शब्द कळतात, कारण वक्र भिंत आवाजाला फाकू न देता कडेकडेनं पुढे नेते. जयगडचा किल्लाही मुळात विजापूरकरांच्या काळातला मानला जातो. त्याच्या समोर पसरलेल्या समुद्रात निसर्गानं असाच एक सज्जा बांधला आहे, आणि त्याला भिंत नाही.

भिंत नसलेला सज्जा

पाण्यातल्या आवाजाचा वेग सगळीकडे सारखा नसतो. पाणी गरम असेल तर आवाज जलद जातो, अंशामागे सेकंदाला साधारण तीन-चार मीटर. पाण्यावरचा दाब वाढला तरी जलद जातो, हजार मीटर खोलीमागे सेकंदाला साधारण सतरा मीटर. आता अरबी समुद्रात वरून खाली उतरत जाऊ. पृष्ठभागावर पाणी २८ अंशांच्या आसपास, आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे १५४० मीटर. खाली जाताना पाणी झपाट्यानं थंड होतं, वेग घटत जातो. दीडेक हजार मीटरांच्या पुढे पाणी आणखी फारसं थंड होत नाही, पण दाब वाढतच राहतो, आणि वेग पुन्हा चढू लागतो. म्हणजे वर जलद, खाली जलद आणि मध्ये एक मंद थर, जिथे वेग १४९० च्या आसपास असतो.

दोन वल्हेकऱ्यांची होडी डोळ्यांसमोर आणा. डाव्या बाजूचा मंदावला आणि उजव्याचा जोर कायम राहिला, तर होडी डावीकडे वळते. मंद बाजूकडे वळायचं, हाच आवाजाचाही स्वभाव आहे. मंद थरातून तिरका वर निघालेला आवाज जलद पाण्यात शिरू लागला की त्याची वरची बाजू पुढे धावते, खालची मागे पडते आणि आवाज खाली वळतो. खाली गेलेला तसाच वर वळतो. असा तो वर-खाली झोके घेत, पृष्ठभागाला न लागता, तळाला न लागता, शेकडो कोस जातो. लाटांवर आपटून विस्कटणं नाही, तळाच्या चिखलात जिरणं नाही. वर-खाली फाकणं थांबलं, उरलं फक्त आडवं पसरणं.

हा थर आधी कागदावर ओळखला आणि मग समुद्रात तपासला तो अमेरिकेच्या मॉरिस यूइंग यांनी. १९४४ साली यूइंग आणि त्यांचे सहकारी लामार वर्झेल यांनी अटलांटिकमध्ये या खोलीवर छोटे स्फोट केले. ते ९०० मैलांवर पाण्यात सोडलेल्या ध्वनिग्राहकात स्पष्ट ऐकू आले. १९४६ साली सोव्हिएत रशियाचे लिओनिद ब्रेखोव्स्कीख यांना जपानच्या समुद्रात हेच स्वतंत्रपणे आढळलं. या थराला ‘सोफार’ असं नाव पडलं. समुद्रात कोसळलेल्या विमानातल्या वैमानिकानं एक छोटा बाँब खाली सोडावा आणि किनाऱ्यावरच्या दोन-तीन केंद्रांनी तो ऐकून त्याची जागा ठरवावी, असा या नावामागचा विचार होता.

या थरातून आलेला आवाज मोठा विलक्षण ऐकू येतो. मधल्या मंद थरातून सरळ येणारा आवाज सगळ्यात कमी अंतर चालतो, पण सगळ्यात शेवटी पोचतो. लांबलचक झोके घेत जाणारे आवाज जलद पाण्यातून जास्त वेळ जातात, म्हणून ते आधी येतात. त्यामुळे दूरवरचा एकच स्फोट ऐकताना आवाज हळूहळू चढत जातो, शिगेला पोचतो आणि त्या क्षणी एकदम थांबतो. ढोलाची लय वाढत वाढत टिपेला जावी आणि शेवटच्या टिपरीबरोबर सगळं शांत व्हावं, तसा.

किती लांब? २१ मार्च १९६० रोजी ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहराजवळच्या समुद्रात स्फोट केले गेले. हिंदी महासागर ओलांडून, आफ्रिकेला वळसा घालून, अटलांटिक पार करून तो आवाज बर्म्युडा बेटाजवळ ऐकू आला. अंतर जवळजवळ वीस हजार किलोमीटर, म्हणजे अर्धी पृथ्वी. वेळ लागला पावणेचार तासांच्या आत-बाहेर.

जयगडसमोरचं पाणी

मंद थराची खोली समुद्रागणिक बदलते. ध्रुवांजवळ पाणी वरपासूनच थंड असतं, म्हणून तो थर पृष्ठभागालगत येतो. मध्यम अक्षांशांवर तो हजार मीटरांच्या आसपास असतो. आपल्या अरबी समुद्रात तो आणखी खाली, दीड किलोमीटरच्याही पलीकडे जातो. तांबड्या समुद्रातून आणि इराणच्या आखातातून उबदार, अतिखारट पाणी बाहेर पडतं. ते जड असल्यामुळे खाली बुडतं आणि मधल्या खोलीवर पसरतं. त्या उबेमुळे आवाजाचा वेग तिथे घटायचा थांबतो, आणि सगळ्यात मंद थर खाली ढकलला जातो. अरबस्तानच्या वाळवंटातलं ऊन असं आपल्यासमोरच्या समुद्रात आवाजाची वाट आखून देतं.

जयगडच्या धक्क्यावरून हा थर फार दूर आहे. कोकण किनाऱ्यालगतचा समुद्रतळ उथळ उताराचा आहे. रत्नागिरीसमोर तो शंभर किलोमीटरहून जास्त पसरला आहे आणि एवढं जाऊनही पाणी शे-सव्वाशे मीटरच खोल होतं. त्यापुढे तळ एकदम कोसळतो. या उथळ भागात आवाज पृष्ठभाग आणि तळ यांच्यात आपटत पुढे सरकतो. किनाऱ्याजवळच्या तळावर गाळाचा मऊ चिखल आहे, तो दर आपटीला आवाज खातो. पलीकडे वाळू आहे, ती बऱ्यापैकी परत फेकते. म्हणून किनाऱ्याजवळचा बराचसा आवाज किनाऱ्याजवळच मरतो. पण जो कड्यापर्यंत टिकतो, तो उतरत्या तळावर आपटताना दर खेपेला थोडा सपाट होत जातो आणि शेवटी खोल समुद्रातल्या त्या मंद थरात शिरतो. कडा म्हणजे कर्ण्याचं तोंडच. तिथून पुढे त्याला अडवायला काही नाही.

जयगडपासून समोर ओमानच्या मसिरा बेटाचा किनारा साधारण दीड हजार किलोमीटर. एकदा खोल वाटेला लागलेला आवाज हे अंतर सुमारे सतरा मिनिटांत कापेल. किल्ला बघून जेट्टीवर परत यायला लागतो, त्याहून कमी वेळ.

उथळ पाण्यातही तापमानाचे खेळ चालतातच. १९३० च्या दशकात अमेरिकी नौदलाला एक कोडं पडलं होतं. सकाळी त्यांच्या जहाजांना पाणबुडी नीट सापडे, दुपारी तीच हरवे. कारण उन्हाचं निघालं. दुपारपर्यंत वरचं पाणी तापे आणि जहाजानं सोडलेला आवाज खालच्या थंड पाण्याकडे वाकून जाई, पाणबुडीपर्यंत पोचतच नसे. आपल्याकडे हेच चक्र वर्षाच्या मापानंही फिरतं. चैत्र-वैशाखात वर उबदार पाण्याचा थर साचतो. पावसाळ्यात नैर्ऋत्येचं वारं पाणी ढवळतं, आणि पावसाळा सरता सरता खालचं थंड पाणी किनाऱ्याकडे चढून येतं. श्रावणात आणि माघात एकाच जागी, एकाच खोलीवर सोडलेला आवाज वेगवेगळ्या वाटांनी जातो.

कोण बोलतं, कोण ऐकतं

पाण्याखालच्या गोंगाटात सगळ्यात जुना वादक म्हणजे पाऊस. पडणारा लहान थेंब पाण्याखाली हवेचा एक बुडबुडा अडकवतो. तो बुडबुडा थरथरतो, आणि त्यातून सेकंदाला पंधरा हजारांच्या आसपास कंपनांचा बारीक, चिरका नाद निघतो. आषाढातली रिमझिम छपरावर मंद वाजत असेल, पाण्याखाली तिचा कल्लोळ असतो.

मग मासे. घोळ आणि ढोमा ही एकाच कुळातली भावंडं पोटातल्या हवेच्या पिशवीवर स्नायूंनी ठोके देतात आणि ढोलासारखा घुमणारा आवाज काढतात. घोळीच्या त्या पिशवीला, म्हणजे बोताला, बाजारात सोन्यासारखा भाव येतो. माशासाठी मात्र ते वाद्य आहे. जोडीदाराला बोलावायचं ते त्यावरूनच. खडकांच्या कपारीत एका जातीची लहान कोळंबी नांगी इतक्या झटक्यानं मिटते की पाण्यात पोकळ बुडबुडा तयार होतो आणि तो फुटताना चटका उडतो. हजारो नांग्यांचे चटके मिळून कढईत लाह्या फुटाव्यात तसा अखंड आवाज होतो. दोनापावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी गोव्याच्या ग्रांद बेटाजवळ आणि मालवणच्या पाण्यात ध्वनिग्राहक सोडून अशा आवाजांची नोंद केली आहे.

२०१७ च्या मार्चमध्ये ग्रांद बेटाजवळ सोडलेल्या अशाच एका यंत्रात कुबड्या देवमाशाचं गाणं सापडलं. अरबी समुद्रातले कुबडे देवमासे जगात वेगळे आहेत. त्यांचे इतर भाईबंद दर वर्षी ध्रुवाकडे आणि परत, असा प्रवास करतात. हे बाराही महिने याच समुद्रात राहतात आणि ओमानजवळ त्यांची संख्या शंभराच्याही आत असल्याचा अंदाज आहे. त्याच वर्षी ओमानजवळ उपग्रहाशी जोडलेलं यंत्र लावलेली ‘लुबान’ नावाची मादी अरबी समुद्र ओलांडून भारताच्या पश्चिम किनाऱ्याला आली आणि दक्षिण टोकापर्यंत गेली. एवढ्या मोठ्या पाण्यात एवढे थोडे जीव. त्यांना एकमेकांचा पत्ता लागायचा तर आवाजाशिवाय दुसरा मार्ग नाही.

निळ्या देवमाशाचा आवाज तर इतका खर्जातला, की आपल्या कानाच्या शेवटच्या पायरीवर आहे. १९७१ साली रॉजर पेन आणि डग्लस वेब या शास्त्रज्ञांनी गणित मांडलं, की जहाजांची इंजिनं नव्हती तेव्हा असे आवाज अख्ख्या महासागरभर पोचत असतील. निळे देवमासे आपल्याला परके नाहीत. २०१५ साली सिंधुदुर्गात कुणकेश्वरसमोर निळ्या देवमाशाची मादी पिल्लासह दिसली होती. आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या वाळूत देवमाशाचं एक पिल्लू येऊन अडकलं. गावकरी, वनखातं आणि प्राण्यांचे डॉक्टर यांनी दोन दिवस त्याच्यावर पाणी ओतलं, ओलं कापड टाकलं, औषधं दिली, शेवटी टगच्या मदतीनं त्याला पाण्यात ओढून नेलं. ते जगलं नाही. त्या दोन दिवसांत किनाऱ्यावर जमलेल्यांनी जे कष्ट घेतले, ते कोकण विसरणार नाही. आई आणि पिल्लू यांना पाण्यात बांधून ठेवणारा धागा आवाजाचा असतो. तो तुटला की एवढ्या मोठ्या समुद्रात पिल्लू पोरकं होतं.

आवाजाचा थर्मामीटर

माणसानंही या वाटेवर कान लावायला सुरुवात केली आहे. जानेवारी १९९१ मध्ये समुद्रशास्त्रज्ञ वॉल्टर मंक यांच्या पुढाकारानं हिंदी महासागराच्या दक्षिणेला हर्ड बेटाजवळ एका जहाजावरून सेकंदाला ५७ कंपनांचा आवाज पाण्यात सोडला गेला. तो ऐकायला निरनिराळ्या महासागरांत नऊ देशांचे शास्त्रज्ञ बसले होते. त्यात भारताचेही होते, गोव्याजवळच्या पाण्यात. हेतू समुद्राचा ताप मोजण्याचा होता. पाणी तापलं की आवाज लवकर पोचतो. दहा हजार किलोमीटरच्या वाटेवर पाणी अंशाच्या शंभराव्या भागानं जरी तापलं, तरी आवाज सेकंदाच्या पाचव्या-सहाव्या भागानं लवकर येतो, आणि एवढा फरक सहज मोजता येतो.

आता त्यासाठी आवाज सोडायचीही गरज उरलेली नाही. सुमात्राजवळ समुद्रतळाशी होणाऱ्या भूकंपांचा नाद याच वाटेनं तीन हजार किलोमीटरवरच्या दिएगो गार्सिया बेटावर पोचतो. एकाच जागी वर्षानुवर्षं होणाऱ्या भूकंपांचे नाद तपासून हिंदी महासागर किती तापला, हे २०२० साली शास्त्रज्ञांनी दाखवलं. अणुचाचण्यांवर नजर ठेवण्यासाठी जगभर उभारलेली ११ केंद्रंही अशीच समुद्र ऐकतात. नोव्हेंबर २०१७ मध्ये अर्जेंटिनाची ‘सान हुआन’ ही पाणबुडी बुडाली, तेव्हा तिच्या फुटण्याचा आवाज हजारो किलोमीटरवरच्या दोन केंद्रांनी टिपला आणि शोध कुठे घ्यायचा, ते कळलं.

सतरा मिनिटं

जयगड आज मोठं बंदर आहे. २००९ पासून इथे कोळशाची, खनिजाची अजस्र जहाजं लागतात. समोरच्या समुद्रातून आखाताकडे जा-ये करणाऱ्या जहाजांची रांग वेगळीच. जहाजाचा पंखा जोरात फिरताना पाण्यात पोकळ बुडबुडे तयार होतात आणि फुटतात. कोळंबीच्या नांगीत घडतं तेच इथे माणसाच्या मापानं घडतं. हा आवाज नेमका खर्जातला, देवमासे ज्या पट्टीत बोलतात त्याच पट्टीतला, आणि म्हणून सगळ्यात लांब जाणारा.

सप्टेंबर २००१ मध्ये अमेरिकेतल्या हल्ल्यांनंतर काही दिवस जहाजांची वाहतूक रोडावली. कॅनडाच्या फंडी उपसागरात पाण्याखालचा गोंगाट उतरला, आणि त्याच काळात तिथल्या देवमाशांच्या विष्ठेतलं ताण दाखवणारं संप्रेरकही उतरलेलं आढळलं. आपल्या किनाऱ्यालाही दर वर्षी अशी विश्रांती मिळते. जून-जुलैतल्या मासेमारी बंदीत होड्या शाकारून किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, ट्रॉलरची इंजिनं गप्प असतात आणि पाण्याखाली पाऊस एकटा वाजत असतो.

समुद्रात आपण टाकलेलं बाकी सगळं मागे उरतं. तेल तवंग होऊन, प्लास्टिक तुकडे होऊन, जाळी तळाशी गुंतून. आवाजाचं तसं नाही. पंख्याचा आकार सुधारला, वेग थोडा कमी ठेवला, तर जहाजाचा आवाज खूप उतरतो. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं २०१४ सालीच त्यासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. आणि इंजिन पूर्ण थांबलं, तर कड्यावरून खोल वाटेला लागलेला त्याचा शेवटचा नाद सतराएक मिनिटांत ओमानपर्यंत जाऊन पोचतो. त्याच्यामागे शांत होत जाणाऱ्या पाण्यात लुबानची हाक पुन्हा ऐकू जाऊ शकते.